सरहद्दीवरचा कर, काउंटरवरचा कर

सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ बाजारात आला, तेव्हा अमेरिकेत साध्या मॉडेलची किंमत ७९९ डॉलर होती आणि प्रो मॉडेलची ९९९ डॉलर. डॉलर त्या वेळी ८३ रुपयांच्या आसपास होता. त्या हिशेबाने साधा फोन ६६,३०० रुपयांना आणि प्रो ८२,९०० रुपयांना पडायला हवा होता. भारतात किमती लागल्या ७९,९०० आणि १,३४,९००. एका फोनमागे साडेतेरा हजारांचा फरक, दुसऱ्यामागे बावन्न हजारांचा. कंपनी एकच, दुकान एकच, विक्रीचा दिवसही एकच. फरक एवढाच, की साध्या मॉडेलची जुळणी भारतात सुरू झाली होती आणि प्रो बाहेरून येत होता.

हिंगोलीत आयफोन प्रो घेणारे थोडे. इथल्या मोबाइल शॉपीच्या काउंटरवर दिवसभर खपतात ते दहा ते वीस हजारांचे हँडसेट आणि तेही बरेचदा हप्त्यांवर. पण महागड्या फोनचा हिशेब उलगडला की स्वस्त फोनचाही उलगडतो, आणि परदेशात फोन स्वस्त का, या प्रश्नावर गावोगाव जी उत्तरे ऐकू येतात त्यातली किती खरी, हेही कळते.

पहिले उत्तर असते वाहतुकीचे. ते सोडून द्यावे. फोनचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, डबा तळहाताएवढा. विमानाने आणला तरी एका नगामागे भाड्याचा वाटा किमतीच्या मानाने किरकोळच राहतो.

दुसरे उत्तर असते, ‘कंपनी आपल्याला लुटते.’ हे तपासावे लागते. अमेरिकेत राहणारा भाचा फोनवरून जी किंमत सांगतो, ती बहुधा कर धरल्याशिवायची असते. तिथे विक्रीकर प्रत्येक राज्याचा वेगळा. ओरेगन, डेलावेअर अशा राज्यांत तो नाहीच, कॅलिफोर्नियात सव्वासात टक्क्यांपासून पुढे. त्यामुळे जाहिरातीतल्या किमतीत तो धरत नाहीत, बिलावर वेगळा लावतात. आपल्याकडे डब्यावर छापलेली एमआरपी सगळे कर धरूनच असली पाहिजे, असा कायदा आहे. आता साध्या आयफोन १५ च्या ६६,३०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी चढवून पाहा: ७८,२३४ रुपये. इथली किंमत ७९,९००. फरक उरला जेमतेम सोळा-सतराशेचा. भारतात जुळलेल्या फोनच्या बाबतीत लुटीचा आरोप इथेच बराचसा गळून पडतो.

प्रोचे तसे नाही. तो बाहेरून आला, म्हणून त्याच्यावर आधी सीमाशुल्क बसले. त्या वर्षी मोबाइलवरचे मूळ सीमाशुल्क २० टक्के होते. त्या शुल्काच्या रकमेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी २. शंभर रुपयांचा माल झाला १२२ चा. मग १८ टक्के जीएसटी लागला तो मूळ शंभरावर नाही, या १२२ वर. म्हणजे २१ रुपये ९६ पैसे. शंभराची वस्तू बंदरातून किंवा विमानतळावरून बाहेर पडेपर्यंत १४३ रुपये ९६ पैशांची झाली, आणि अजून घाऊक व्यापारी, दुकानदार, जाहिरात यातले काहीच त्यात मिळवलेले नाही. करावर कर हा या सगळ्या महागाईचा कणा आहे. लोक ‘वीस टक्के ड्युटी’ म्हणतात आणि मनात वीसच धरतात. प्रत्यक्षात ओझे चव्वेचाळीसचे होते.

तरीही हिशेब पुरा होत नाही. अमेरिकेतल्या पूर्ण किरकोळ किमतीवर हे सगळे कर लावले तरी प्रो १,१९,४०० च्या आसपास थांबतो. वरचे पंधरा हजार कंपनीचे. खरे तर जास्तच, कारण सीमाशुल्क किरकोळ किमतीवर नाही, आयातीच्या घोषित किमतीवर लागते आणि ती कमी असते. इथे कंपनीची धोरणे सुरू होतात. रुपया घसरला तर वर्षभर किंमत बदलावी लागू नये म्हणून आधीच थोडी उशी ठेवायची. ज्या देशात महागडा फोन कमी खपतो तिथे नगामागे नफा जास्त ठेवायचा. आणि ज्याला एवढा महाग फोन हवाच आहे तो दहा हजार जास्त द्यायला मागेपुढे पाहत नाही, हे गृहीत धरायचे. २०१४ मध्ये डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ८३ वर गेला. सुटे भाग डॉलरमध्ये विकत घेणाऱ्या धंद्यात ही घसरण शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात उतरते.

कर कमी झाला तरी कंपन्या किंमत खाली आणत नाहीत, असेही म्हटले जाते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोबाइलवरचे सीमाशुल्क २० वरून १५ टक्क्यांवर आले. शंभराचे १४३.९६ होत होते ते १३७.४७ झाले, साडेचार टक्क्यांची घट. ॲपलने त्याच आठवड्यात १५ प्रोची किंमत १,३४,९०० वरून १,२९,८०० केली, म्हणजे पावणेचार टक्के. पूर्ण नाही, पण बरीचशी सूट पुढे पोचली. पुढच्या पिढीचा १६ प्रो १,१९,९०० ला आला आणि त्याची जुळणीही भारतात होऊ लागली.

मग हे सीमाशुल्क लावलेच का? जून २०१७ पर्यंत मोबाइलवर मूळ सीमाशुल्क नव्हते. १९९६ मध्ये सिंगापूरला झालेल्या माहिती-तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला होता, आणि दूरसंचार उपकरणे शून्य शुल्कात आणण्याची हमी त्यात दिली होती. परिणामी फोन स्वस्त आले, पण इथला कारखाना टिकवण्याचे कारण कंपन्यांना उरले नाही. श्रीपेरुंबुदूरला २००६ मध्ये सुरू झालेला नोकियाचा मोठा कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. त्यामागे नोकियाची जगभरची पीछेहाट आणि करवसुलीचा वादही होता, हे खरे. पण त्या काळात देशात मोबाइल बनवणारे कारखाने सरकारी हिशेबाने अवघे दोन उरले होते.

२०१५ च्या अर्थसंकल्पात सरकारने वाट काढली: आयात फोनवर साडेबारा टक्के प्रतिशुल्क, इथे बनलेल्यावर एक टक्का उत्पादन शुल्क. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा फरक पुसला गेला, म्हणून त्याच दिवशी १० टक्के सीमाशुल्क लागले. डिसेंबरमध्ये ते १५ झाले, फेब्रुवारी २०१८ मध्ये २०. २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, सुमारे ४१ हजार कोटींची. या सीमाशुल्काविरुद्ध युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांनी जागतिक व्यापार संघटनेत दावे लावले. भारताचे म्हणणे होते, १९९७ मध्ये स्मार्टफोन अस्तित्वातच नव्हता, मग त्याची हमी कशी दिली असेल? एप्रिल २०२३ मध्ये संघटनेच्या पॅनेलने हे म्हणणे फेटाळले. भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, आणि निकाल तसाच लोंबकळत राहिला.

उत्पादनाच्या बाजूने धोरण फळले, हे मान्य केलेच पाहिजे. सरकारी आकड्यांप्रमाणे देशातले मोबाइल उत्पादन २०१४-१५ मध्ये १८,९०० कोटींचे होते, ते २०२३-२४ मध्ये ४ लाख २२ हजार कोटींवर गेले. निर्यात १,५६६ कोटींवरून १ लाख २९ हजार कोटींवर, आणि पुढच्याच वर्षी दोन लाख कोटींच्या घरात. देशात विकल्या जाणाऱ्या फोनपैकी ९९ टक्के इथेच बनलेले असतात. अर्थतज्ज्ञ रघुराम राजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये घेतलेला आक्षेपही डोळ्यांआड करून चालत नाही: फोनची आयात घटली, पण त्याच्या सुट्या भागांची वाढली, जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे. सरकारने जानेवारी २०२४ मध्ये अनेक सुट्या भागांवरचे शुल्क १५ वरून १० टक्के केले, त्यातून ही अडचण सरकारलाही जाणवली होती हे दिसते.

महाराष्ट्राच्या पदरात यातले काय पडले? ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉनने राज्य सरकारशी पाच अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. कारखाने उभे राहिले नोएडात, श्रीपेरुंबुदूरला, होसूरला, कोलारला. वाढीव किमतीचा भार मात्र देशभरच्या गिऱ्हाइकाने उचलला. आयटीआय करून पुण्याला किंवा हैदराबादला जाणारा सेनगावचा मुलगा या कारखान्यांपासून तितकाच लांब राहिला.

या जिल्ह्याला सरहद्दीवरचा कर नवा नाही, आणि त्याचा इतिहास इथे नुसता पुस्तकातला नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. कळमनुरीच्या उत्तरेला पैनगंगा. अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचे वऱ्हाड. संस्थानाचे स्वतःचे सीमाशुल्क होते आणि ते वसूल करणारे खाते करोडगिरी नावाने ओळखले जाई. ईस्ट इंडिया कंपनीशी १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहात ५ टक्क्यांचा दर ठरला होता. शिवाय नाणेही वेगळे. संस्थानाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. शंभर कलदार रुपयांना सुमारे ११६ हाली मोजावे लागत. म्हणजे वाशिमच्या दुकानातला माल नदी ओलांडून हिंगोलीत आला की त्याच्यावर करोडगिरी चढे आणि खरेदीची रक्कम फेडताना हाली-कलदारचा बट्टाही सोसावा लागे. कर आणि चलन, हीच दोन कारणे आज इस्तंबूलपासून ब्यूनस आयर्सपर्यंत फोन महाग करत आहेत. ती आपल्या आजोबा-पणजोबांनी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या अंतरात भोगली. आज कनेरगाव नाक्यावरून वाशिमला मालाची गाडी जाते, तिला कोणी करासाठी अडवत नाही. देशाच्या आतली ही मोकळीक किती मोठी गोष्ट आहे, हे मराठवाड्याइतके कोणाला कळावे!

बाहेरच्या देशांत डोकावले तर तुर्कस्तानचे उदाहरण सर्वांत कडक दिसते. तिथे फोनच्या किमतीप्रमाणे ५० टक्क्यांपर्यंत विशेष उपभोग कर, त्याखेरीज सरकारी प्रसारण संस्थेसाठीचा आकार, आणि या सगळ्यावर २० टक्के मूल्यवर्धित कर. परदेशातून स्वतःसाठी आणलेला फोन तिथल्या नेटवर्कवर १२० दिवस चालतो. पुढे चालवायचा तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, नोंदवायला शुल्क भरा. २०२३ मध्ये हे शुल्क सहा हजार लिरांवरून एकदम वीस हजारांवर नेले, आणि तेव्हापासून ते वाढतच गेले. पाकिस्ताननेही आयएमईआय नोंदणीशी कर जोडला आहे. लाहोरला पाहुणा म्हणून गेलेला फोन काही दिवसांनी मुका होतो.

ब्राझीलची गोष्ट आपल्यासाठी जास्त बोधक आहे. साओ पाउलोजवळच्या जुंडियाईला फॉक्सकॉन २०११ पासून आयफोन जुळवते, तरी तो तिथे जगातल्या सर्वांत महागांपैकी एक राहिला, कारण केंद्राचे आणि राज्यांचे कर एकावर एक चढतच राहिले. कारखाना दारात आला म्हणून फोन आपोआप स्वस्त होत नाही. अर्जेंटिनाने दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगो बेटावर १९७२ च्या कायद्याने करसवलतीचे क्षेत्र उभारले. फोनची जुळणी तिथे होई आणि बाहेरच्या फोनवर जबर कर असे. लोक फोन घ्यायला आंदीज ओलांडून चिलीत जाऊ लागले. शेवटी मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने आयात शुल्क १६ वरून ८ टक्के आणि पुढे जानेवारी २०२६ पासून शून्य करण्याची घोषणा केली. पन्नास वर्षे संरक्षण देऊनही तो उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही. भारताचा उद्योग आज निर्यात करतो, म्हणून आपली तुलना अर्जेंटिनाशी होत नाही. पण संरक्षणाला मुदत लागते, एवढे तिथून घ्यावे.

दुसऱ्या टोकाला हाँगकाँग: सीमाशुल्क नाही, विक्रीकरही नाही. दुबईत ५ टक्के मूल्यवर्धित कर, जपानात १० टक्के उपभोग कर. जिथे दर खाली तिथून जिथे दर वर तिकडे माल वाहतो, हे ओघाने आलेच. मुंबईचे मनीष मार्केट, हैदराबादच्या आबिड्समधले जगदीश मार्केट ही नावे हिंगोलीतल्या मोबाइलवाल्यांना पाठ आहेत. “दादा, बिलाचा पाहिजे का बिनबिलाचा?” हा प्रश्न या बाजारांत नेहमीचा. बिनबिलाच्या पिसात सरकारचे शुल्क बुडते, गिऱ्हाइकाचे चार-सहा हजार वाचतात आणि वॉरंटीचा भरवसा जातो.

आखातात कामाला गेलेल्या भावाकडून किंवा अमेरिकेतल्या लेकीकडून फोन मागवणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१६ च्या बॅगेज नियमांत परतणाऱ्या प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या सामानाची सूट दिली होती. वरच्या रकमेवर अधिभारासह साडेअडतीस टक्के शुल्क होते. घोषणा न करता आणलेला महागडा सीलपॅक फोन विमानतळावर पकडला गेला तर वाचलेले पैसे तिथेच जातात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ व्या मॉडेलपासून सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम चालते. जपानात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनचा कॅमेरा आवाज केल्याशिवाय फोटो काढत नाही. या बारीक गोष्टी घेताना कोणी सांगत नाही आणि घरी आल्यावर फोन परत करता येत नाही.

आता हिंगोलीच्या काउंटरवर येऊ. पंधरा हजारांचा, नोएडात बनलेला हँडसेट घ्या. बिलावर तो असा दिसतो: करपात्र मूल्य १२,७११ रुपये ८६ पैसे, सीजीएसटी ९ टक्के, १,१४४ रुपये ७ पैसे, एसजीएसटी ९ टक्के, तेवढाच. दोन्ही मिळून २,२८८ रुपये. या फोनवर तयार फोनचे सीमाशुल्क लागलेले नाही. लागले असेल तर सुट्या भागांवर. त्याच्या महागाईतला सर्वांत मोठा, नावानिशी दिसणारा वाटा जीएसटीचा आहे. ३१ मार्च २०२० पर्यंत मोबाइलवर १२ टक्के जीएसटी होता. १ एप्रिलपासून तो १८ झाला, नेमका टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत, जेव्हा मुलांची शाळा फोनवर येऊ लागली होती. जुन्या दराने हाच फोन १४,२३७ रुपयांना मिळाला असता.

आणि हा फोन कशासाठी लागतो? ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर नोंदवायची असते. सोयाबीन असो वा हळद, बांधावर उभे राहून फोटो काढायचा आणि जागेच्या नोंदीसह चढवायचा. जुना फोन अडकतो, रेंज जाते, शेतकरी पुन्हा फेरी मारतो. सहायकाची सोय आहे, पण एका गावाला तो कितीसा पुरणार? लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारांसाठी ई-केवायसी करायची तर ओटीपी फोनवर येतो. वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीचा आजचा भाव काय निघाला, ते गाडी भरण्याआधी फोनवरच पाहतात. अंगणवाडीची पोषणाची नोंद ॲपवर. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले ते याच कारणाने, की ते काम पेलत नव्हते. सरकारच ज्या वस्तूशिवाय दाराशी उभे करत नाही, तिला चैनीची वस्तू कसे म्हणायचे?

त्यात एक अन्याय असा आहे, जो फारसा बोलला जात नाही. दुकानदार, कंत्राटदार आपल्या धंद्यासाठी फोन घेतो, जीएसटी क्रमांक देतो आणि भरलेला कर आपल्या कराच्या हिशेबात वळता करून घेतो. शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून त्याला ही वजावटही मिळत नाही. तोच फोन, तेच काम. २,२८८ रुपयांचा पूर्ण भार एकट्यावर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. ट्रॅक्टर १२ वरून ५ वर आला. मोबाइल होता तिथेच, १८ वर राहिला. औंढ्याच्या शेतकऱ्याचा दहा हजारांचा फोन आणि शहरातल्या बंगल्यातला एसी आज एकाच दरात आहेत. २०२० मध्ये दर वाढवताना कारण दिले गेले होते, की सुट्या भागांवर जास्त आणि तयार फोनवर कमी कर असल्याने कारखानदाराचा परतावा अडकतो. कारण खरे आहे, पण त्यावर उपायही आहे: ट्रॅक्टरचा दर उतरवताना त्याच्या सुट्या भागांचा आणि टायरचाही उतरवला. मोबाइललाही ते करता येते.

माझे मत स्पष्ट आहे. तयार फोनवरच्या सीमाशुल्काची भीती आता हिंगोलीने बाळगू नये. त्याचा चटका महागड्या फोनलाच बसतो आणि उद्योग सावरल्यावर तो हळूहळू खाली येईल, यायला हवा. खरा प्रश्न काउंटरवरच्या कराचा आहे. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा प्रतिनिधी बसतो. हिंगोलीच्या, परभणीच्या, नांदेडच्या लोकप्रतिनिधींनी त्याच्याकडे एवढीच मागणी लावून धरावी, की पंधरा हजारांच्या आतला फोन आणि त्याचे सुटे भाग ५ टक्क्यांवर आणा. ग्रामसभांनी तसे ठराव करावेत, शेतकरी संघटनांनी निवेदनात हा मुद्दा घालावा. त्या दराने आज पंधरा हजारांना मिळणारा तोच फोन १३,३४७ रुपयांना पडेल.